आजोबा आणि पाहुणा

कानवाल्या बाईंचा कुत्रा आठ महिन्यांचा होता आणि त्याचं नाव होतं आजोबा. पिल्लू म्हणून घरी आला तेव्हापासूनच त्याचा चेहरा रिटायर झालेल्या हेडमास्तरांसारखा होता. चप्पल चावणं नाही, पडदे ओढणं नाही, भुंकण्याचं तर नावच नको. अशा कुत्र्याला अरेतुरे करायला बाईंची जीभ रेटेना. त्या त्याला अहोजाहो करत, म्हणून आपणही तसंच करू.

बाई स्वतः बावन्न वर्षांच्या. मोठ्या दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर, कॉरिडॉरच्या अगदी टोकाला, त्या लोकांचे कान तपासत. खोलीच्या आत आणखी एक छोटी खोली होती, जाड दाराची, आतून स्पंज लावलेली. पेशंट आत खुर्चीवर हेडफोन घालून बसायचा, बाई काचेच्या अलीकडे यंत्रापाशी. त्या एकेक स्वर सोडायच्या, आधी मोठा, मग लहान, मग त्याहून लहान. ऐकू आला की पेशंटनं बोट वर करायचं. उजव्या कानासाठी कागदावर लाल गोल, डाव्यासाठी निळी फुली. सव्वीस वर्षं त्या हे गोल आणि फुल्या मांडत होत्या, आणि इतक्या वर्षांत एकाही डॉक्टरनं त्यांच्याबद्दल तक्रार केली नव्हती. रजेचा अर्जसुद्धा त्या माफी मागितल्यासारखा करत.

चारच्या सुमाराला शेवटचा पेशंट गेला की बाई स्वतः त्या आतल्या खोलीत जाऊन दार ओढून घेत. तिथं इतकं शांत असे की आपलंच रक्त वाहताना ऐकू यायचं, लांबच्या पाण्यासारखं. दहा मिनिटं त्या पाण्याच्या काठावर डुलकी काढायची आणि मग घरी जायचं. एवढीच त्यांची चैन.

आजोबा भुंकत नाहीत म्हणून सुरुवातीला बाईंना शंका आली होती, यांना ऐकू तर येतं ना? त्यांनी पाठीमागून हळूच कागद चुरगाळून पाहिला, तर आजोबांचा कान लगेच वळला. कान शाबूत आहेत, स्वभावच शहाणा, असा निकाल बाईंनी दिला आणि अख्ख्या तिसऱ्या मजल्याला अभिमानानं सांगितला. दिवसभर एकटे राहतात, पण हूं की चूं नाही. संध्याकाळी खिडकीतलं ऊन पिवळं होऊन जमिनीवर पसरलं की बाई खुर्चीत बसत, आणि आजोबा येऊन त्यांच्या डाव्या पावलावर हनुवटी टेकत. तो भार जेमतेम एका पेल्याएवढा. पण त्या भाराखाली बाईंचा दिवस शांत होऊन जाई. आपलं, फक्त आपलं असं कुणी असणं त्यांना नवीन होतं आणि ते त्यांना फार आवडलं होतं.

अशात बुधवारी जनावरांच्या डॉक्टरणीचा फोन आला. एक सात महिन्यांचा तपकिरी कुत्रा होता. ज्यांनी नेला होता त्यांच्या घरमालकानं नाक मुरडलं, म्हणून तो परत आला. बाईंनी त्याला चार दिवस ठेवून बघावा, रविवारी संध्याकाळी काय ते सांगावं. नको असेल तर सोमवारी त्याला गावाबाहेरच्या शेडमध्ये पाठवावं लागेल, तिथं आधीच चाळीस आहेत. आजोबांना सोबतही होईल, असं ती म्हणाली.

"त्यांना कशाला सोबत? मी आहे की," बाई म्हणाल्या. पण नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. गुरुवारी पाहुणा घरी आला.

पाहुण्यानं आल्या आल्या पाण्याचं भांडं उलटं केलं, त्या पाण्यात स्वतः लोळला आणि तशाच ओल्या अंगानं बाईंच्या पलंगावर चढला. आजोबा दारात उभे राहून हे सगळं पाहत होते. त्यांचा चेहरा पाहून बाईंना हसू आलं आणि बरंही वाटलं. यांचं काही जमायचं नाही, रविवारी सरळ नको म्हणून टाकू.

शुक्रवारी त्या जिना चढत होत्या तेव्हा वर कुठंतरी एक कुत्रा भुंकत होता. आवाज कोवळा, फाटका, मध्येच बारीक होणारा. कुणाचा बरं हा, असं मनाशी म्हणत त्यांनी कुलूप उघडलं. आत आजोबा उशीचं एक टोक धरून मागं मागं सरकत होते, दुसरं टोक पाहुण्याच्या तोंडात होतं, आणि खोलीभर कापूस तरंगत होता. उन्हाच्या पट्ट्यातून तो इतका सावकाश खाली येत होता की बाई पिशवी हातात धरून पाहतच राहिल्या. मग आजोबांनी उशी सोडली आणि ते भुंकले. शेपटी हलवत, पुढचे पाय पसरून, पुन्हा पुन्हा भुंकले. इतक्या महिन्यांत बाईंनी हा आवाज कधी ऐकला नव्हता.

त्या संध्याकाळी पावलावर हनुवटी आली नाही. कोपऱ्यात दोघं एकमेकांच्या मानेवर मान टाकून झोपले होते. बाईंनी दोनदा खोकून पाहिलं, एकदा बिस्किटाचा डबा वाजवून पाहिला. आजोबांचा फक्त कान वळला. बाईंना चक्क मत्सर वाटला, आणि कुत्र्याचा मत्सर वाटतोय म्हणून स्वतःची लाजही वाटली. आपल्याच घरात आपण तिसऱ्या झालो. पाहुणा गेलाच पाहिजे, असं त्यांनी त्या खुर्चीत बसूनच नक्की केलं. डोळे भरून आले ते त्यांनी कुणी बघत नसतानाही घाईघाईनं पुसले.

शनिवारी एक म्हातारे काका तपासणीला आले. मशीनमधून काही सोडलेलं नसतानाही ते बोट वर करत होते. बाईंनी स्वर थांबवला, वाट पाहिली, तरी बोट वर. शेवटी दार उघडून त्यांनी विचारलं, तर काका ओशाळले. बराच वेळ काही ऐकू आलं नाही की त्यांना वाटायचं, बाईंचा खोळंबा होतोय. म्हणून मधूनमधून बोट वर करून टाकायचे.

"ऐकू येत नसेल तर नाही म्हणायचं असतं, काका," बाई म्हणाल्या. "मला तेच तर शोधायचंय."

चार वाजता आतल्या खोलीत दार ओढून बसल्यावर हे वाक्य त्यांच्याभोवती घुटमळत राहिलं. रक्ताचं पाणी वाहत होतं. डुलकीत त्यांना आत्याच्या घराची पायरी दिसली. त्या सात वर्षांच्या होत्या तेव्हा आई फार आजारी पडली आणि त्यांना दोन वर्षं आत्याकडे ठेवलं होतं. त्या पायरीवर केस चापूनचोपून बांधलेली एक मुलगी गुडघे जुळवून बसली होती. शेजारी आजोबा बसले होते, तसेच पाय जुळवून. दोघं रस्त्याकडे बघत होते आणि दोघांपैकी कुणी काही बोलत नव्हतं. रस्त्यावरून कुणीच येत नव्हतं. बाई दचकून जाग्या झाल्या तेव्हा पाच वाजून गेले होते.

रविवारी सकाळी दादाचा फोन आला. त्यांचा हा मोठा भाऊ दर रविवारी फोन करत असे. पाठीमागचा दंगा ऐकून त्यानं हे काय चाललंय म्हणून विचारलं, आणि बाईंनी सगळं सांगितलं. दादा हसत म्हणाला, घर डोक्यावर घेणारं कुणी तुला झेपायचं नाही. तू लहानपणापासून किती शहाणी. बाईंनी सहज आत्याच्या घराचा विषय काढला.

"तेच म्हणतोय मी," दादा म्हणाला. "तुला वर्षभरासाठीच पाठवायचं ठरलं होतं. आई तोवर हिंडूफिरू लागली होती. पण आत्यानं कळवलं, पोरीचा काही त्रास नाही, राहू दे. म्हणून आणखी एक वर्ष ठेवलं. मी असतो तर तिनं आठवड्यात परत धाडला असता."

हे त्यानं कौतुकानं सांगितलं. बाईंनी फोन ठेवला आणि त्या ओट्याला टेकल्या. दोन वर्षं आधीपासूनच ठरलेली होती, असं त्या आजवर समजत होत्या. रोज रात्री पांघरुणात तोंड घालून रडायचं आणि सकाळी हसत उठायचं, हे इतकं चोख जमलं होतं की त्याचं बक्षीस म्हणून आणखी एक वर्ष मिळालं होतं. आता त्यांना राग आला. आईचा आला, आत्याचा आला, आणि मग दिवसभर बंद खोलीत एकटं राहून कधीही न भुंकणाऱ्या एका पिल्लाला शहाणं म्हणून मजलाभर मिरवणाऱ्या बाईचा सगळ्यात जास्त आला. सव्वीस वर्षं कान तपासून हे त्यांना ऐकू आलं नव्हतं.

दुपार लांबली. ऊन भिंतीवरून सरकत गेलं. पाहुण्यानं आजोबांचा कान चघळला, आजोबांनी पाहुण्याला लोळवलं, मग दोघं धापा टाकत खुर्चीखालून, बाईंच्या पायांवरून, पलंगाच्या पलीकडे गेले. बाईंकडे कुणी पाहिलं नाही. त्यांना अजूनही वाईट वाटत होतं, शुक्रवारच्याइतकंच.

संध्याकाळी डॉक्टरणीचा फोन आला. तिनं आधी आजोबांची चौकशी केली. त्यांना काही त्रास तर नाही ना?

"त्यांना नाही," बाई म्हणाल्या. "मला होतोय. सकाळपासून एकटी बसलेय आणि दोघांपैकी एकाचंही माझ्याकडे लक्ष नाही. मला रडू येतंय."

मग डॉक्टरीण समजुतीच्या आवाजात म्हणाली, हरकत नाही ताई, होतं असं. उद्या सकाळीच येऊन ती त्याला घेऊन जाईल.

"नेऊ नका," बाई म्हणाल्या. "तो इथंच राहणार आहे. मला त्रास होतोय, एवढं फक्त कुणाला तरी सांगायचं होतं."