मिथुनची जनरल शिफ्ट

रोह्याला आमच्या आळीत रंभाकाकीची हाक ऐकू आली की लोक आधी आपली भांडीकुंडी आत घेत. त्या हाकेच्या पुढे तिचा मिथुन धावत असे.

मिथुन तिसरीत. वर्गात दप्तर एका कोपऱ्यात, चपला दुसऱ्या, स्वतः खिडकीत. गुरुजींनी शेवटी सांगितलं, "सहामाहीच्या पेपरला हा जागेवर बसला तर ठीक. नाहीतर दुसरी शाळा बघा." दुसऱ्या शाळेपर्यंत मिथुनची कीर्ती आधीच पोचली होती.

काकीने त्याला मुंबईच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी नाव सांगितलं, एडीएचडी. काकीच्या सासूने, ठमाबाईने, त्यातलं निम्मंच ऐकलं.

"येडी? अगो, पोरगा हाय तो! येडा तरी म्हनायचं!"

बाईंनी सांगितलेलं सोपं होतं. जेवण, झोप रोज एकाच वेळी. गोड कमी, टीव्ही कमी. अभ्यासाआधी पोटभर पळू द्या, एका वेळी एकच काम सांगा. अडचण फक्त काकीच्या नवऱ्याची, काळुरामकाकांची.

काका कंपनीत ऑपरेटर. दर आठवड्याला त्यांची शिफ्ट बदले, आणि तिच्याबरोबर अख्खं घर. फर्स्ट असली की अंधारातच सगळ्यांना चहा. सेकंड असली की मिथुन बाप येईस्तोवर जागा, कारण डब्यात कँटीनची बालुशाही. नाइट असली की काका दिवसा झोपणार आणि पोराने हलायचं नाही.

"डॉक्टरीण म्हनते पळव, हे म्हनतात गप बसव," काकी माझ्यावर तडकली. मी मिथुनची शिकवणी घ्यायचो, म्हणजे बहुतेक त्याला शोधायचो. "आता काय, उशीखाली पळवू त्याला?"

मग तिने डोकं चालवलं. प्रत्येक शिफ्टचं वेगळं वेळापत्रक करून भिंतीला लावलं. मिथुनने त्यांची विमानं केली. ती पुन्हा लावली, तर एका संध्याकाळी ताटावर बसून तो म्हणतो, "आये, आज माझी कुठली शिफ्ट?"

काकी वाढता वाढता थांबली. काका घरी आले ते थेट तोफेच्या तोंडी.

"आजपासून मिथुनची जनरल!"

"काय जनरल?"

"शिफ्ट! तुमची फिरू दे. त्याची नाय फिरायची."

काका दुखावले. कधीच न फिरणारी, रोज दिवसाची जनरल शिफ्ट ते कधीचे मागत होते. ती फक्त साहेबलोकांना. "अगो, मला नाय देत, याला कुनी दिली?"

"त्याची साहेब मी हाय."

त्यानंतर मिथुन रोज शाळेतून आला की आधी नदीकाठी पळे, मग माझ्यासमोर बसे. बसे म्हणजे टेके. नाइटच्या दिवसांत काकांना काकीने झोपायला आमच्या माळ्यावर पाठवलं. त्यांच्या घोरण्यात माझं बी.कॉम. बुडत होतं, पण मला कोण विचारतो?

सहामाहीला काकी शाळेच्या फाटकाशी उभी. मिथुन दोनदा उठला. एकदा पाण्याला, एकदा पुढच्याचं खोडरबर बघायला. पण दोन्ही वेळा आपणहून जागेवर आला. गुरुजी बाहेर येऊन कपाळ पुसत म्हणाले, "ठीक."

त्या दिवशी काका सेकंडवरून आले, तेव्हा पोरगं झोपलेलं.

"उठव गो. आज तरी बालुशाही खाऊ दे."

"ड्युटी संपली त्याची."

"एक गो!"

काकीने डब्यातली बालुशाही मोडली. "अर्धी. ती पन उद्या, जेवनानंतर." उरलेली अर्धी तिने स्वतःच खाल्ली.