साडभाऊंची घडी आणि गुडघा

आमच्या साडभाऊंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, आजवर कुणावर विश्वास ठेवल्याचं नाचणगाव-पुलगाव पट्ट्यात एकही उदाहरण नाही. बाजारात वांगी विकताना ते गिऱ्हाइकाच्या पिशवीत डोकावतात. आपली एखादी सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी आत उतरली तर नाही ना! माझ्या लग्नात भर मांडवातून मला, नवरदेवाला, बाजूला नेऊन त्यांनी विचारलं होतं, "गुरुजी, नौकरी खरीच हाय न बाप्पा?" यंदा वर्ध्याला त्यांचा गुडघा बदलला, तर शुद्धीवर येताच डॉक्टरांकडे त्यांनी जुना गुडघा मागितला. "बदलला हे मी कायवरून समजू?" डॉक्टर हसले. हे हसले नाहीत.

त्यांची एकुलती एक लेक पल्लवी पुण्याला असते. रजा संपवून जाताना तिने बापाच्या मनगटावर पावलं मोजणारी घडी बांधली. इकडे बाबा किती चालले ते तिकडे तिच्या मोबाइलवर दिसणार. झालं! साडभाऊंनी घडीवर दुपट्टा गुंडाळला. शेताच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, विषय निघाला की घडी काढून तांदळाच्या डब्यात. "हे आयकून राह्यली, गुरुजी. तिकडे कोण कोण बसलं असन, कोनाले ठाऊक?" शेवटी पल्लवी फोनवर रडली, तेव्हा कुठे घडी हातावर कायम झाली.

आणि मग रोज संध्याकाळी भांडण. डॉक्टरांनी हजार पावलं सांगितलेली, मोबाइलवर दिसायची साठ-सत्तर. "बाबा, तुमी काऊन खोटं बोलता?" पल्लवी विचारायची. साडभाऊ शपथा घ्यायचे, ती ऐकायची नाही. खरं सांगायचं तर आम्हीही कुणी ऐकलं नाही. जन्मभर दुसऱ्यांवर संशय घेणाऱ्याला जरा त्याची चव कळू दे, असं मला वाटलं, आणि त्याची आज लाज वाटते. कारण लेकीपुढे खोटे ठरल्याच्या रागात हा माणूस दुप्पट चालू लागला. आठव्या दिवशी गुडघा टम्म सुजला. आता शिवलेलं बिघडलं तर, या भीतीने मेहुणीने मला बोलावून घेतलं.

मी गेलो तेव्हा ते वॉकर धरून अंगणात चालत होते आणि मोठ्याने मोजत होते, "लाभ, दोन, तीन..." ज्वारी मापताना पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, तीच रीत पावलांना. मीही बाजूने मोजू लागलो. आमचे दोघांचे दोनशे झाले, घडीचे चार. तेव्हा माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. वॉकरच्या दांड्यावर दोन्ही मनगटं खुंटीसारखी घट्ट. हात हलला तर घडी मोजणार ना! मी ती काढून त्यांच्या पायाच्या घोट्याला बांधली आणि त्यांना दाराच्या खुर्चीपर्यंतच, अगदी हळू चालवत नेलं. आकडा भराभर चढला.

मी लगेच पल्लवीला स्पीकरवर फोन लावून सगळं सांगितलं. "चुकलं बाबा," ती म्हणाली. साडभाऊ आता तिला सोलून काढणार म्हणून मी वाट पाहत होतो. पण ते इतकंच म्हणाले, "आठ दिवस तू पावलंच इचारले, माय. दुखते काय, हे नाई इचारलं."

तेव्हापासून पल्लवी पावलांचं नाव काढत नाही. फोन आला की पहिला प्रश्न, "बाबा, दुखते काय?" कधी कधी मी तिथेच समोर बसलेला असतो. साडभाऊ एका हाताने गुडघ्यावर शेकाची पिशवी दाबून धरतात, ओठ आवळतात, आणि अगदी मोकळ्या आवाजात सांगतात, "कायचं दुखते? काईच नाई." आणि हे मात्र तिला लगेच खरं वाटतं.