हर्षालीने दिलेलं उत्तर

माझा स्वभाव चिडका आहे, शहापुरात कुणालाही विचारा. बत्तीस वर्षं आश्रमशाळेत गणित शिकवलं, त्यातली निम्मी ओरडण्यात गेली. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून दर रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत मुलांकडून नोकरीच्या मुलाखतीची तयारी करून घ्यायला लागलो. फी नाही. अट एकच, उशिरा यायचं नाही.

आमच्या पाड्यांवरची मुलं मुलाखतीत का आपटतात ते मला पाठ झालंय. डोक्याने ती कुठेच कमी नसतात. पण खुर्चीच्या कडेला टेकतात, कुणीतरी आत्ता उठवणारच आहे अशी. ‘मी’ म्हणत नाहीत, ‘आमी’ म्हणतात. स्वतःबद्दल चार चांगले शब्द सांगायची वेळ आली की पायाच्या अंगठ्याकडे बघत राहतात. म्हणून फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात मी एक वाक्य कायमचं लिहून ठेवलं होतं: जे येतं ते बोला, पोटात राहिलं त्याला मार्क नाहीत.

हर्षाली वर्गात आली तेव्हा तेवीस वर्षांची होती. धसईच्या पुढच्या एका ठाकरवाडीतली. धसईहून मुरबाड, मुरबाडहून शहापूर, अशा दोन एसट्या बदलून यायची, आणि तरी मी कुलूप उघडायला जावं तर पायरीवर हजर. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. आई लहानपणीच गेली होती, घरात ती आणि तिचा बाप धाऊ, एवढेच. भातसानगरच्या रस्त्यावर एका संस्थेने औषधी झाडांची रोपवाटिका काढली होती, तिथे एक जागा निघाली होती. ती मिळाली तर बापाजवळ राहता येणार होतं. नाही मिळाली तर अंबरनाथच्या कारखान्यात पॅकिंगला जायचं ठरलं होतं, आणि धाऊ एकटा पडणार होता. ‘सर, बाबांना भाकरी भाजता येत नाय,’ असं तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. मी म्हटलं, हे मुलाखतीत सांगू नकोस.

तीन रविवार तिची तयारी घेतली. पोरगी हुशार. खुर्चीत नीट बसायला शिकली, डोळ्यांत बघून बोलायला शिकली. चौथ्या रविवारी मी साहेब होऊन समोर बसलो आणि विचारलं, ‘वडील काय करतात?’

‘शेती.’

‘आणखी?’

 ती हळूच म्हणाली, ‘हाडं बसवतात.’

मी टेबलावर हात आपटला. धाऊचं नाव मी आश्रमशाळेत असल्यापासून ऐकून होतो! धसईच्या बाजाराला येणारी माणसं मोडलेला हात गळ्यात बांधून त्याच्या अंगणात जायची. तो हाड बसवायचा, कसल्याशा पाल्याचा लेप लावायचा, बांबूच्या कामट्या बांधायचा आणि पैसे घ्यायचा नाही. नारळ आणि अगरबत्ती, बस. अशा माणसाची मुलगी औषधी झाडांच्या जागेसाठी निघाली होती, आणि हे पोटात ठेवून बसली होती.

‘कसला पाला असतो तो?’ मी विचारलं.

‘ते नाय सांगता येत, सर.’

मग तिने मला नियम सांगितला. पाला आणायला पहाटे जायचं, कुणाशी न बोलता. तोडताना झाडावर आपली सावली पडू द्यायची नाही. आणि त्याचं नाव घराबाहेर कुणापाशी घ्यायचं नाही, घेतलं तर हाताचा गुण जातो. धाऊला त्याच्या बापाने सांगितलं होतं. धाऊने तिला सांगितलं ती सोळा वर्षांची असताना, दिवाळीतल्या वाघबारसेला, तिच्या तळहातावर तांदूळ ठेवून. पोरीला सांगतोस म्हणून वाडीतले लोक त्याला बोललेही होते. तो म्हणाला, माझी पोरच माझा पोर.

हे ऐकून कुणी शहाणा माणूस गप्प बसला असता. मी बसलो नाही. ‘हाडाला काय कान असतात? नाव ऐकून ते जुळायचं थांबतं होय?’ असं मी सगळ्या वर्गासमोर तिला विचारलं. मुलं हसली. ती हसली नाही. मी म्हटलं, ‘जागा एक आहे. पुस्तकातलं सगळेच सांगतील. तुझ्याकडे आहे ते दुसऱ्या कुणाकडे नाही. आता तू ठरव.’ ठरव म्हणालो खरा, पण माझ्या आवाजात ठरवायला जागाच नव्हती, हे मला आज कळतं.

मुलाखतीत नेमका तोच प्रश्न आला. टेबलावर सहा कुंड्या मांडल्या होत्या आणि त्यांतल्या चौथीत धाऊच्या लेपाचंच झाड होतं. मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी विचारलं, हे कशाला वापरतात? हर्षाली पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागली.  मग तिला फळ्यावरचं वाक्य आठवलं आणि ती बोलली. वाडीतलं नाव, पान कोवळं घ्यायचं की जून, कशात वाटायचं, किती दिवस बांधायचं, सगळं. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि ऐकत राहिल्या.

संध्याकाळी तिचा फोन आला. ‘सर, घेतलं मला.’ मी शाबासकी दिली. ती म्हणाली, ‘सर, मी सांगितलं.’ मी म्हटलं, ‘मग? म्हणूनच तर घेतलं!’ पुढच्या रविवारी वर्गात मी पेढे वाटले. तिने पेढा हातात घेतला आणि रुमालात बांधून ठेवला.

नोकरी चांगली चालली. ती पहाटे उठून भाकऱ्या करायची आणि पहिली एसटी पकडायची. बापाला तिने एवढंच सांगितलं होतं की रोपं वाढवायचं काम आहे.

होळीच्या सुमारास त्यांच्या वाडीतला मंगळू राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, फांद्या तोडताना झाडावरून पडला. मनगट मोडलं. धाऊने हाड बसवलं, लेप लावला, कामट्या बांधल्या. दीड महिन्याने सोडलं तर मनगट वाकडं जुळलेलं. धाऊच्या हातून असं कधीच झालं नव्हतं.

खरी गोष्ट मला नंतर कळली. मंगळूने आठव्याच दिवशी कामट्या सोडून राबाचे भारे वाहिले होते आणि मग आपल्याच हाताने पुन्हा बांधल्या होत्या. त्याने ते धाऊपाशीही कबूल केलं. पण धाऊच्या डोक्यात ते शिरेना. तो आपलीच चूक शोधत बसला. सावली पडली असेल. वाटेत कुणाच्या हाकेला ओ दिली असेल. रोज संध्याकाळी मुलीला विचारायचा, ‘मी तं कोनाला नाव सांगलं नाय गो. मंग हात कसा गेला माजा?’ शेवटी त्याने कामट्यांची जुडी आढ्याला खोचून ठेवली आणि येणाऱ्या माणसांना मुरबाडच्या दवाखान्याची वाट दाखवायला लागला.

हर्षालीने मला फोन केला. ‘सर, बाबांना सांगू का? मी नाव घेतलं म्हणून?’

मी म्हटलं, ‘अगं, तुझ्यामुळे झालेलं नाही ते!’

‘मला माहीत हाय, सर. बाबांना नाय माहीत. त्यांना वाटतंय त्यांनीच काय पाप केलं.’

इथे मी दुसरी चूक केली. म्हटलं, ‘सांगू नकोस. सांगून काय मिळणार? उगाच म्हाताऱ्याच्या जिवाला लागेल.’ माझं ऐकायची तिला सवय झाली होती. तिने ऐकलं.

फळ्यावरचं ते वाक्य मी पुसलं, पण तोवर फार उशीर झाला होता.

वैशाखाच्या अखेरीला तिने बापाला रोपवाटिका बघायला बोलावलं. त्याला घराबाहेर काढावं, एवढाच तिचा हेतू. त्याला वाट माहीत नव्हती म्हणून मी त्याला शहापूरच्या स्टँडवर घेतलं आणि सोबत गेलो. त्याला मी प्रथमच जवळून पाहत होतो. बारीक चणीचा माणूस, धुतलेला सदरा, आणि हात मात्र अंगापेक्षा मोठे. सगळ्या वाटेत एकच वाक्य बोलला: ‘गुरजी, तुमी पोरीला बोलाया शिकवलं. लय उपकार.’ मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

हर्षालीने आम्हाला वाफ्यांतून फिरवलं. प्रत्येक वाफ्यापुढे पत्र्याची पाटी, तिच्याच अक्षरात. धाऊ वाचायला शिकलेला नव्हता. तो पाटीकडे न बघता पानाकडे बघायचा आणि मान हलवायचा. एका वाफ्यापाशी तो थबकला. मग उन्हाचा अंदाज घेऊन वळसा घालून पलीकडे गेला आणि सूर्याकडे तोंड करून बसला, म्हणजे सावली मागे पडेल. तेव्हा मला कळलं की झाड तेच आहे.

पाटीवर तिन्ही नावं होती. शास्त्रीय नाव, मराठी नाव, आणि वाडीतलं नाव. खाली उपयोग: अस्थिभंग.

धाऊने पाटीकडे बोट केलं. ‘काय लिवलंय गो हितं?’

हर्षालीने माझ्याकडे पाहिलं. शेकडो मुलांना उत्तरं द्यायला शिकवलेला मी खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करायला लागलो.

‘नंबर हाय बाबा,’ ती म्हणाली. ‘रोपांचा नंबर.’

धाऊचा चेहरा सैल झाला. त्याने वाफ्यातली माती दोन बोटांनी दाबून बघितली आणि समाधानाने मान हलवली.

‘बरं केलंस. नाव नको लिवू याचं कंदी. माजा हात गेला तं गेला, तुजा तरी ऱ्हाईल.’

‘हो बाबा,’ हर्षाली म्हणाली. ती पाटीच्या पुढे येऊन उभी राहिली, आणि तिची सावली झाडावर पडली.