वाळूतली गाजरं

आमच्या बंदरात बोट किनाऱ्याला लागत नसे. ती लांब समुद्रात उभी राहायची आणि पडावात बसून तिच्यापर्यंत जावं लागायचं. लग्नानंतर आठव्या दिवशी मी अशीच पडावात बसले, तेव्हा आई गुडघाभर पाण्यात उभी होती. रडारड घरीच उरकली होती. तिनं माझ्या मांडीवर गोणपाटाची एक पिशवी ठेवली. आत आलं, सुरण आणि एक कोहाळा, सगळ्यावर घरामागच्या परड्यातली माती तशीच.

"धुव नको गो," ती म्हणाली. "माती आसा तवसर ता जितां. थंय परडां नाय. एका दिसाची भाजी चार दिस पुरवूक होयी."

पडाव हलला. आईला मुंबईबद्दल एवढंच ठाऊक होतं की तिथं परडं नाही. ते खरं निघालं.

बायांनो, तुमच्यातल्या ज्या गावातच राहिल्या त्यांना हे समजणार नाही. तिथं आमटी चुलीवर ठेवून मिरच्या तोडायला जाता येतं. लालबागच्या चाळीत आमची एक खोली होती. त्यात सासूबाई, हे, माझा दीर आणि मी. हे गिरणीत साच्यावर कापड विणायचे. रविवारी भायखळ्याच्या बाजारातून आठवड्याची भाजी आणायचे आणि मंगळवारपर्यंत मेथी पिवळी, कोथिंबीर चिकट. पहिल्या महिन्यात सासूबाईंनी सडकी जुडी माझ्यासमोर धरली. "आवशीन शिकवल्यान ता ह्याच?" मला माझ्यापेक्षा आईसाठी जास्त लागलं.

मग भाजी टिकवण्यात मी हात घातला. आल्यापासून गप्प असलेली मी पहिल्यांदा आपल्या मनानं काही करत होते. पालेभाजी आली की धुवायची नाही. निवडायची, वाऱ्यावर सुकवायची आणि जुन्या धोतराच्या फडक्यात सैल गुंडाळायची. कोथिंबिरीची मुळं पेल्यातल्या पाण्यात. मिरच्यांची देठं काढून कोरड्या डब्यात. कांदे टोपलीत आढ्याला आणि बटाटे त्यांच्यापासून लांब, कारण एकत्र ठेवले की दोन्ही लवकर जातात. हे सगळं जमलं, पण आलं आणि गाजरं सुकायचीच. त्यांना ओली वाळू हवी होती, आणि वाळू ठेवायला मडकं.

मडकं दिलं तारानं. आमच्या शेजारच्या खोलीत राहायची, साताऱ्याकडची, माझ्याच वयाची. तिची मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती. काठ फुटलेलं एक मोठं मडकं तिच्याकडे पडून होतं. ते तिनं उचलून माझ्या दारात ठेवलं.

"वैनी, वाळू कुठनं आणायची ते सांगा. मी बी येते."

एका दुपारी आम्ही दोघी वरळी कोळीवाड्यापर्यंत चालत गेलो. ती मुलीला कडेवर घेऊन, मी पिशव्या घेऊन. वाळत घातलेल्या बोंबलांच्या खालून वाकून जाताना तारा नाकाला पदर लावून हसत होती. मला तो वास घरचा वाटला आणि अचानक रडू आलं. तिनं नुसता हात धरून ठेवला. मुंबईत आल्यावर मला कुणी असा हात लावला नव्हता.

समुद्राची वाळू खारट. नळावर ती सात पाण्यांतून धुतली, मागच्या बायका करवादत होत्या. मग मडक्यात वाळूचा थर, गाजरांचा थर, परत वाळू. दर दोन दिवसांनी वरून ओंजळभर पाणी. तिसऱ्या आठवड्यात मी गाजर काढलं आणि मोडलं, तर कट्‌कन आवाज झाला. सासूबाई म्हणाल्या, "बरां हा." त्या घरात मला मिळालेलं ते पहिलं बरं. मडकं आमच्या मोरीशेजारी राहिलं. ताराला लागेल तेव्हा ती येऊन त्यातलं गाजर, आलं घेऊन जायची.

ते थंडीचे दिवस. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली आणि गिरणगाव रस्त्यावर उतरलं. दगड, अश्रुधूर, गोळीबार. गिरण्या बंद, दुकानं बंद, कर्फ्यू. मध्ये तासभर सूट मिळायची, पण बाजारात गाड्याच येत नव्हत्या, तर जाऊन आणणार काय? ताराचा नवरा दुसऱ्या दिवशी मोर्चात गेला तो परतला नाही. कुणी म्हणे पकडला, कुणी म्हणे इस्पितळात आहे.

त्याच दिवशी सासूबाईंनी आपली पत्र्याची ट्रंक सरकवून मडक्यापुढं लावली. "आपल्या घरात चार माणसां," त्या म्हणाल्या. "उद्या काय होतला, कोणाक म्हायत?" हे खिडकीतून बाहेर बघत राहिले.

चौथ्या दिवशी दुपारी तारा दारात आली. मुलगी खांद्यावर पडलेली, नुकती तापातून उठलेली.

"वैनी, नुसती पेज तोंडात घेईना झालीय. एखादं गाजर हाय का? उकडून घालीन म्हणते."

मी उत्तर देण्याआधी मागून सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे खंय आसा बाय? कालच सरलां सगळां."

तारानं त्यांच्याकडं बघितलंच नाही. ती माझ्याकडं बघत होती. मला 'आहे' म्हणता आलं असतं. कुणी माझं तोंड धरलं नव्हतं. सासूबाई रागावल्या असत्या, चार दिवस बोलल्या नसत्या, एवढंच. मी म्हणाले, "हो ग, संपलं."

"बरं," ती म्हणाली आणि गेली.

त्या दिवसापासून आम्ही दार लोटून जेवायला लागलो. गाजर आणि घरात उरलेला दुधी नुसते मीठ घालून शिजवायचे. फोडणी द्यायची नाही, वास गॅलरीत जाईल म्हणून. ही युक्ती सासूबाईंची नव्हती. ती मला सुचली. शेजारच्या खोलीतून मूल किरकिरताना ऐकू यायचं आणि आम्ही चौघं माना खाली घालून ते बेचव गिळत असू. मला वाटायचं, हे तरी एकदा म्हणतील, दे तिला थोडं. त्यांनाही कदाचित माझ्याबद्दल तसंच वाटत असेल. आम्ही दोघं कधीच बोललो नाही त्यावर.

कर्फ्यू उठला. ताराचा नवरा आला तो हात गळ्यात बांधून, लॉकअपमधून. गिरणीत काम करण्यासारखा तो हात उरला नव्हता, म्हणून त्यांनी गावी जायचं ठरवलं. निघायच्या दिवशी सकाळी तारा माझ्या दारात आली.

"वैनी, माझं मडकं तेवढं द्या. गावाकडं धान्याला होईल."

सासूबाई खाली नळावर गेल्या होत्या. ट्रंक सरकवून मी मडकं बाहेर ओढलं. वाळूसकट ते उचलेना, आणि तिला आत बोलावण्याचं धैर्य मला झालं नाही. ती मात्र आपणहून आली, समोर बसली आणि मडकं तिनंच कलतं केलं. वाळू गोणपाटावर पसरली आणि तिच्यातून गाजरं घरंगळली. दहा-बारा असतील. ताठ, लालबुंद, दोन-तीन गाजरांना वरून हिरवे कोंब फुटलेले.

तारानं एक उचललं, वाळू पुसली, बोटानं दाबून पाहिलं.

"छान टिकली की," ती म्हणाली.

त्या आवाजात राग असता तर मी पाय धरले असते. मी सगळी गाजरं गोळा करून तिच्या ओटीत घालायला गेले. तिनं पदर आवरून घेतला. मडकं कमरेवर घेतलं आणि जिना उतरली. मुलगी वरच्या पायरीवरून माझ्याकडं बघून हसली आणि आईच्या मागं बसत-बसत पायऱ्या उतरत गेली.

मी ताराच्या गावी दोन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही. पुढं मुंबई महाराष्ट्राला मिळाली, चाळभर पेढे वाटले, रोषणाई झाली. ताराच्या खोलीत तोवर दुसरं बिऱ्हाड आलं होतं. ज्यापायी तिच्या नवऱ्याचा हात गेला, त्याचे पेढे आम्ही खाल्ले. गोड लागले. खोटं कशाला सांगू?

सासूबाई गेल्या, हेही गेले. मुलानं फ्रिज आणला. सून बाजारातून आली की सगळं धुऊन आत कोंबते, सडलं की टाकून देते. मी काही सांगत नाही. माझ्याजवळची ती विद्या कुणाला द्यावीशी वाटत नाही.

गावी गेले की भावजय परड्यातून ताजी भाजी आणते आणि पाहुणीसारखं वाढते. सगळे विचारतात, मुंबईत कंटाळा येत नाही का, परत ये, हे तुझंच घर. मी हसते. गावी माझ्या हातून कुणाचं वाईट झालं नाही, म्हणून तिथं मी सुखानं झोपते. पण जिथं झोप लागते ते माहेर. माझं घर लालबागचीच ती खोली. तिथं मला कुणीतरी नातंगोतं नसताना आपलं मानलं, आणि तिथंच मी उंबरठ्यात उभी राहून तिला 'संपलं' म्हणाले.