मामांचं नाक आणि मामींची विहीर

माझे मामा जमिनीखालच्या पाण्याचे नमुने गोळा करतात. हे ऐकल्यावर समोरचा माणूस "असं का, बरं" म्हणतो आणि विषय बदलायला बघतो. मामा बदलू देत नाहीत.

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी पूर्वी एक पेट्रोलपंप होता. पंप बंद पडला, छप्पर गेलं, मालकही गेला. जमिनीत पुरलेल्या लोखंडी टाक्या तेवढ्या राहिल्या. त्या गंजल्या आणि आतलं उरलंसुरलं पेट्रोल कुणाला न विचारता गल्लीभर हिंडायला लागलं, जमिनीखालून. टाक्या उपसून काढल्या, तरी मातीने जे पिऊन ठेवलं होतं ते ती थेंबाथेंबाने ओकत राहिली. मग भूजल खात्याने जमिनीत सहा नळ्या पुरल्या, गल्लीतल्या एकुलत्या एका विहिरीवर नमुन्यापुरतं भोक ठेवून लोखंडी झाकण ठोकलं, आणि दर तीन महिन्यांनी या सात जागांचं पाणी बाटल्यांत भरायला मामांना नेमलं.

ती विहीर मामींची. म्हणजे त्यांच्या वडिलांची, आणि मामा तिथे घरजावई. लग्नाला चार महिने होत नाहीत तोच जावयाने स्वतः उभं राहून सासऱ्याच्या विहिरीला झाकण ठोकवून घेतलं. त्याला अठरा वर्षं झाली. मामींनी तो विषय रोज फक्त एकदाच काढला, हे त्यांचे उपकार.

झाकण निघण्याचा नियम सोपा होता: विहिरीचं पाणी सलग चार वेळा स्वच्छ आलं पाहिजे. या खेपेला तीन नमुने स्वच्छ झाले होते. चौथ्याची तारीख ठरली तशी मामींनी नवा दोर आणला, नवी बादली आणली, आणि मामांकडे कधी नव्हे ते प्रेमाने बघायला लागल्या. मामा त्यानेच जास्त घाबरले.

नमुन्याच्या दिवसाचं मामांचं पथ्य कडक असे. दोन दिवस आधीपासून पेट्रोलच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. स्कूटर बंद, सायकल चालू. घरात अत्तर नाही, नखांना रंग नाही. पोस्टमनला मोटारसायकल कोपऱ्यावर ठेवून चालत यायला लागे. हे सगळं ठीक. पण मामांचा खरा विश्वास होता तो स्वतःच्या नाकावर. प्रयोगशाळेचा अहवाल यायला दहा दिवस लागत. मामा बाटलीच्या तोंडाला नाक लावून जागच्या जागी निकाल देत. बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडासुद्धा ठेवायचा नाही, आणि भरल्या भरल्या झाकण लावायचं, असं नियमावलीत आहे. मध्ये नाक घालायचं, असं कुठेही नाही.

"ते नियम साध्या नाकांसाठी," मामा म्हणत.

आणि नेमकं चौथ्या नमुन्याच्या सकाळी हे असाधारण नाक चोंदलं. मी तेव्हा नोकरी शोधायला, म्हणजे मामींच्या हातचं जेवायला, तिथे राहिलो होतो, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं.

"अहो, तारीख पुढे ढकला," मामी म्हणाल्या.

"खात्याची तारीख आहे ती. तुझ्या माहेरची नाही."

"उभे कुठे आहात तुम्ही?" मामींनी विचारलं. माहेरच्याच ओट्यावर उभे होते.

मामा बामची डबी शोधायला आत गेले. आले तेव्हा नाकाचा शेंडा चकाकत होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. सहाही नळ्या बिनवासाच्या पार पडल्या, कारण त्यांना कसलाच वास येत नव्हता. शेवटी विहीर. तिथे मात्र त्यांनी घरात जाऊन नाकावर अर्धी डबी बाम आणखी थापला, येऊन शिळं पाणी उपसलं, बाटली भरली, आणि नाक जवळजवळ बुडवून दोन लांब श्वास घेतले.

"स्वच्छ!" मामा म्हणाले.

मामींनी दोराला गाठ मारून ठेवली.

दहा दिवसांनी खात्याच्या साहेबांनी कचेरीत बोलावलं. मामा मलाही घेऊन गेले, कौतुक ऐकायला कुणीतरी असावं म्हणून.

"पेट्रोलचा अंशही नाही," साहेब म्हणाले. मामांची छाती फुगली. "पण विहिरीच्या आलेखात हे एक भलतंच उंच टोक आलंय. असला पदार्थ या गल्लीत आजवर सापडला नव्हता. शोधच आहे हा!" साहेब आनंदात होते. आणखी सहा नळ्या, आणखी पाच वर्षं अभ्यास, असा प्रस्ताव त्यांनी लिहायलाही घेतला होता.

"जमिनीखालून काहीही येऊ शकतं, साहेब," मामा बारीक आवाजात म्हणाले.

कोपऱ्यात प्रयोगशाळेतल्या बाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला एवढंच सांगता येईल की मलाही त्या दिवशी सर्दी होती. तुमची बाटली उघडली आणि एकदम मोकळं वाटलं."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे.

परत येताना ते सायकल हातात धरून चालत होते. "भाच्या, सांगितलं तर माझं नाक संपलं. अठरा वर्षांचं नाव आहे रे."

"आणि नाही सांगितलं तर?"

"पाच वर्षं. तीही तुझ्या मामीबरोबर."

कोपऱ्यावरून घर दिसलं. मामी ओट्यावर बसून नव्या बादलीचा तळ पुसत होत्या. बादली आधीच लख्ख होती. मामा थांबले, सायकल फिरवली, आणि मला काही न सांगता उलट्या पावली कचेरीत शिरले.

"साहेब, तो पदार्थ बाम आहे. माझा आहे."

"नमुन्यात कसा गेला?"

"नाकावरून."

"आणि नाक नमुन्यात कसं गेलं?"

बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे दर वेळी तुम्ही वास घेता?"

"दर वेळी."

"आणि तुमचा निकाल बरोबर निघतो?"

मामा बुटांकडे बघून म्हणाले, "निम्म्या वेळा."

"नाणं उडवलं असतंत तरी तेवढंच झालं असतं," बाई म्हणाल्या, "आणि नाण्याला सर्दी होत नाही."

साहेबांनी जड हातांनी प्रस्ताव फाडला. चार दिवसांनी बाईंनी स्वतः येऊन विहिरीचा नमुना घेतला. मामांना लेखी हुकमाने गल्लीच्या कोपऱ्यावर उभं केलं होतं. पोस्टमनने त्यांना मोटारसायकल धरायला दिली आणि पत्रं वाटायला गेला.

अहवाल स्वच्छ आला. झाकणाचे बोल्ट इतके गंजले होते की ते कापायला वेल्डरला दोन तास लागले. मग मामींनी बादली सोडली, वर ओढली, आणि कुणी बघतंय याची पर्वा न करता ओंजळीने पाणी प्यायल्या. मामा पाच हात लांब उभे होते, सवयीने.

"कसं आहे?" त्यांनी विचारलं.

मामींनी तोंडातल्या तोंडात जीभ फिरवली. "मचूळ."

"तुझ्या बाबांच्या वेळीही असंच होतं?"

"असंच होतं."

"मग अठरा वर्षं माझं डोकं कशाला खाल्लंस?"

"विहीर माझी आहे," मामी म्हणाल्या, आणि त्यांनी बादली परत आत सोडली.