डाव्या चाकामागची नळी

त्या गाडीची चाके मला अजून आठवतात. संस्थान विलीन होऊन मध्य भारत राज्य झाले होते. टोपीवरचा बिल्ला बदलला होता. ठाण्यातले फॉर्म मात्र संपेपर्यंत जुनेच वापरायचे, असा हुकूम होता. मी उज्जैनच्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो.

लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्या लिलावात विकल्या गेल्या. शहरातल्या फ्रीगंज भागात राहणाऱ्या रस्त्याच्या एका ठेकेदाराने त्यातली एक पिकअप घेतली. पुढे दोघांची जागा, मागे उघडा हौदा. माळव्याच्या काळ्या मातीत पावसाळ्यात चाके रुततात, म्हणून त्याने मूळ टायर उतरवून मोठ्या ट्रकचे टायर चढवले. ते मावावेत म्हणून मडगार्ड छन्नीने कापले. गाडी वीतभर उंच झाली. चिखलातून ती अशी निघे की लोक थांबून बघत. आमच्या ठाण्यालाही त्याच लिलावातली एक गाडी मिळाली होती. ठेकेदाराचे पाहून मी वर अर्ज केला आणि तिलाही तसेच टायर बसवून घेतले.

पावसाळा सरताना ठेकेदाराची गाडी एका नाल्याच्या उतारावर थांबली नाही. रपट्याच्या, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलाच्या, कठड्याला धडकून ती उलटली. हौद्यात बसलेल्या दोन मजूर बायका जागीच गेल्या. ठेकेदार स्वतः चालवत होता. त्याचा हात मोडला. ब्रेक दाबला तर पाय सरळ खाली गेला, आणि मीटरवर वेग जेमतेम वीस मैल होता, असे त्याने सांगितले.

पंचनाम्यात पुढच्या डाव्या चाकामागे ब्रेकच्या तेलाची रबरी नळी फुटलेली आढळली. फुटलेल्या जागी रबर एका बाजूने खोलगट सोलले गेले होते. मी लिहिले, 'धारदार हत्याराने कापल्याचे दिसते.' पुढे जे घडले ते या एका वाक्यातून घडले.

दुसऱ्या दिवशी खबऱ्या आला.

"साहेब, ठेकेदाराने महिन्यापूर्वी एक ड्रायव्हर काढला. तो चहाच्या दुकानात सगळ्यांसमोर बोलला होता, ये गाडी एक दिन किसी को खायेगी."

माणूस मिळाला, कारण मिळाले, धमकीचे साक्षीदारही मिळाले. आम्ही शहराजवळच्या भैरवगढ वस्तीत जाऊन त्याला घरून उचलले आणि ठाण्याच्या गाडीत मागे बसवून आणले. तिशीचा, सडपातळ, कमी बोलणारा होता. त्याचे वडील कापड छापण्याचे लाकडी ठसे कोरत. घरझडतीत त्यांच्या पटाश्या जप्त केल्या. त्यातली अर्धगोल धारेची एक मी नळीवरच्या खोलगट जागेवर ठेवून पाहिली. ती तंतोतंत बसली.

चौकशीत तो एकच गोष्ट सांगत राहिला.

"साब, स्टीयरिंग पूरा मोड़ो तो टायर अंदर रगड़ता है. आवाज़ आती है. सेठ को बोला, उतरवा दो. उन्होंने मुझे ही उतार दिया."

"दो औरतें मरी हैं," मी म्हणालो, "और तू मुझे टायर सिखा रहा है?"

डायरीत मी नोंद केली, 'आरोपी टायर घासत असल्याचे सांगून तपासाची दिशाभूल करतो.'

मी मारहाण करणारा अधिकारी नव्हतो आणि मला त्याचा अभिमान होता. दुसऱ्या दिवशी मी त्याला शांतपणे समजावले की हत्यार वडिलांचे आहे, तेव्हा त्यांनाही आणून बसवावे लागेल.

"बापू के हाथ काँपते हैं, साब. वो हवालात में नहीं रह पाएँगे." मग म्हणाला, "मैंने काटी. लिख लो."

जमादार बाहेर येऊन म्हणाला, "हात न लावता कबूल करवलंत साहेब. आमच्या वेळी मारूनही आठवडा लागायचा."

मला बरे वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दंडाधिकाऱ्यांसमोर त्याचा जबाब व्हायचा होता. तो एकदा नोंदवला गेला की गुन्हा खुनाचा, आणि समोर फाशी. त्याआधी नियमाप्रमाणे त्याला दोन पंचांसमक्ष गाडीपाशी नेले. गाडी आवारात सरळ करून ठेवली होती. अपघातानंतर त्याने ती पाहिली नव्हती.

"दिखा, कहाँ काटी."

तो उजव्या चाकापाशी बसला आणि चाकामागे बोट केले.

तिथली नळी शाबूत होती. पंचांनी एकमेकांकडे पाहिले. जमादार खाकरला, "नीट आठव की रे." तो उठून उभा राहिला. आता तो चाकांकडे बघत नव्हता. माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. मला कोणते चाक हवे आहे ते त्याला तिथे शोधायचे होते. जबाबाची वेळ मी पुढे ढकलली आणि मोटारी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला बोलावणे धाडले.

मिस्त्री मराठीच होता. त्याचे पूर्वज शिंद्यांच्या पागेत घोडे सांभाळत. तो लढाईत लष्करी वर्कशॉपमध्ये होता. त्याने नळी हातात घेऊन उन्हात धरली.

"साहेब, ही कटलेली नाही, घिसलेली आहे. कटलं तर कडा खरखरीत लागते. ही बघा कशी चमकते."

"पण पटाशी बसते."

त्याने खोलगट जागेवर आपला अंगठा ठेवला. "माझा अंगठा पण बसतो. मला पण आत घेता काय?"

त्याने हौद्यात वाळूची पोती भरायला लावली, म्हणजे गाडी माणसे बसल्यासारखी दबेल. मग स्टीयरिंग पूर्ण डावीकडे फिरवले. टायरची मागची कड आत आली आणि नळी जिथे होती बरोबर तिथे टेकली. ठेकेदाराच्या आवाराचे फाटक अरुंद होते; आत शिरताना रोज डावीकडे पूर्ण वळण घ्यावे लागे. उजवी नळी म्हणून वाचली होती. एक नळी फुटली की सगळे तेल जाते आणि चारही चाकांचे ब्रेक जातात.

"आणि नळी नसती फुटली तरी," मिस्त्री हात पुसत म्हणाला, "इंजिन तेच, ब्रेकचे ड्रम तेच, चाक तेवढं मोठं. अशी गाडी चढावर दम तोडते आणि उतारावर ऐकत नाही. वरून उंच, म्हणून उलटायला तयार. मीटर तर चाकाचे फेरे मोजतो. फेरा मोठा झाला, त्याला काय खबर? ठेकेदारांना वीस दिसत होते, गाडी जास्तच धावत होती."

कोणी काहीच कापले नव्हते. जो गुन्हा घडलाच नाही, त्याची कबुली मी एका माणसाकडून मिळवली होती. तीही हात न लावता.

ठेकेदारावर निष्काळजीपणाचा खटला भरला. ड्रायव्हरला सोडण्याचा अहवाल मी स्वतः लिहिला. तो वडिलांना घेऊन पटाश्या परत न्यायला ठाण्यात आला. म्हाताऱ्याने एकेकीची धार बोटाने तपासली आणि त्या फडक्यात बांधल्या. माझ्याकडे त्याने पाहिले नाही.

निघताना ड्रायव्हर आमच्या गाडीपाशी थांबला.

"साब, इसमें भी वही है. जिस दिन मुझे लाए, गेट पे मुड़ते वक़्त रगड़ने की आवाज़ सुनी थी."

"मग तेव्हाच का नाही बोललास?" घाईत मी मराठीतच विचारले. त्याला ते समजले.

"बोला तो था, साब. टायर रगड़ता है. आपने लिख भी लिया था."

मिस्त्री त्या दिवशी आपला जबाब द्यायला ठाण्यात आला होता. तो आमच्या गाडीखाली सरकला आणि थोड्या वेळाने नुसता हात बाहेर काढून त्याने मला खाली बोलावले. डाव्या नळीचे रबर निम्मे उरले होते. त्या संध्याकाळी बंदोबस्तासाठी बारा शिपाई त्याच गाडीने जायचे होते. त्यांची नावे मी सकाळीच हजेरीत लिहिली होती.

टायर त्याच दिवशी उतरवले. पुढे नोकरीत अनेक कबुल्या आल्या. प्रत्येक वेळी आरोपीला जागेवर नेऊन आधी दाखवायला लावले आणि तो दाखवत असताना मी त्याच्याकडे पाठ करून उभा राहिलो. मला काय हवे आहे ते त्याला माझ्या चेहऱ्यावर वाचता येऊ नये, एवढ्यासाठी.