दर्शनी भिंतीच्या लाद्या

भनपुरीत पाडलेल्या इमारतींचा माल विकणारे एक भाऊ आहेत. दर्शनी भिंतींच्या लाद्या ते स्वतः हलक्या हातानं उतरवतात. प्रत्येकीवर टिचकी मारतात, कान लावतात आणि खूश होऊन म्हणतात, "हव, जित्ती आहे!" फुटकीही फेकत नाहीत. "हिले अंगणात लावू," म्हणतात.

आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, वाचनालयासाठी आम्ही त्यांच्याकडून एका जुन्या टॉकीजच्या गुलाबी लाद्या घेतल्या. उद्घाटन दोन दिवसांवर आलं आणि नेमक्या दरवाजावरच्या अकरा लाद्या कमी पडल्या. तशा आता बाजारात मिळत नव्हत्या. मी घाबरून फोन केला, तर भाऊ एवढंच म्हणाले, "पाहतो न."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते अकरा लाद्या घेऊन हजर! दुपारपर्यंत भिंत अशी खुलली की अख्खा पारा बघायला जमला.

संध्याकाळी मी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेलो. समोरच्या भिंतीवर तशाच गुलाबी लाद्या होत्या, आणि मधोमध अकरा जागी उघड्या विटा.

"भाऊ, घरच्या काहून काढल्या?"

ते खळखळून हसले. "मी घर बाहेरून थोडीच पाहून राहिलो? मी तर आत राहतो न!"